आकाशातली उडी टिपायला कॅमेरा कोणता घ्यावा?

स्कायडायव्हिंगसाठी कॅमेरा घ्यायचा विचार असेल, तर मॉडेल, किंमत, फोर-के हे सगळं थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी आपलं लॉगबुक उघडा. कॅमेरा घेऊन उडी मारणाऱ्याकडे सी लायसन्स आणि किमान २०० उड्या असाव्यात, असं अमेरिकेची पॅराशूट संघटना, म्हणजे यूएसपीए सांगते. हा सल्ला अंगठ्याएवढ्या कॅमेऱ्यालाही लागू आहे. ‘एवढासा तर आहे, हेल्मेटला चिकटवला की झालं’ असं नवीन मंडळी हटकून म्हणतात, पण ते खरं नाही. १३,००० फुटांवरून बाहेर पडल्यावर पॅराशूट उघडेपर्यंत हातात जेमतेम एक मिनिट असतं. तेवढ्यात उंचीवर लक्ष ठेवायचं, सोबतच्यांना धडकायचं नाही, ठरलेल्या उंचीला त्यांच्यापासून दूर सरकायचं आणि छत्री उघडायची. हे सगळं अंगवळणी पडल्यानंतरच मनाचा एखादा कोपरा चित्रीकरणासाठी मोकळा होतो.

कॅमेरा लक्ष किती खेचून घेतो, याचं एक उदाहरण या क्षेत्रात अजून सांगितलं जातं. एप्रिल १९८८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात आठशेहून अधिक उड्यांचा अनुभव असलेला एक जण दुसऱ्यांची उडी चित्रित करायला विमानाबाहेर पडला, तो पाठीवर पॅराशूट न बांधताच. त्या काळात कॅमेरा हेल्मेटवर आणि जड रेकॉर्डर वेगळा अंगावर वागवावा लागे. आजचे कॅमेरे दीडशे ग्रॅमचे झाले आहेत. माणसाचं लक्ष मात्र तेव्हा विभागलं जायचं तसंच आजही विभागलं जातं.

बहुतेक मराठी वाचक मात्र लायसन्सवाले नसतील. ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’मधला स्पेनच्या एम्पुरियाब्रावाचा प्रसंग पाहून, किंवा पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारीत घेतलेल्या उडीचे फोटो पाहून ज्यांच्या मनात हौस जागी झाली, त्यातले बहुतेक जण दुबईत, थायलंडमध्ये किंवा हरियाणातल्या नारनौलला टँडम उडी घेतात. म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेऊन. त्यांनी कॅमेरा विकत घेण्याच्या फंदात पडू नये. टँडमच्या पाहुण्याला स्वतःचा कॅमेरा किंवा फोन वर नेऊ देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. त्यांनी पैसे भरण्याआधी विचारायची गोष्ट वेगळी आहे. व्हिडिओ प्रशिक्षकाच्या मनगटावरून घेणार, की वेगळा कॅमेरामन सोबत उडी मारणार? मनगटावरच्या कॅमेऱ्यात तुमचा चेहरा जवळून, मोठा आणि सतत दिसतो, छत्री उघडल्यानंतरचं बोलणंही त्यात येतं. पण तुम्ही दोघं आकाशात कसे दिसत होता, विमानातून बाहेर पडतानाचा तो क्षण बाहेरून कसा होता, हे फक्त वेगळा कॅमेरामनच टिपू शकतो. त्याची छत्री तुमच्यानंतर, तुमच्यापेक्षा खाली उघडते, म्हणून तुम्ही उतरताना तो बऱ्याचदा खाली उभा असतो. दोन्हींच्या किमतीत बराच फरक असतो. आयुष्यात एकदाच उडी मारणार असाल, तर माझं मत बाहेरच्या कॅमेरामनच्या बाजूने आहे. आणि मूळ फाइल मागून घ्या. गाणं लावून, कापून-जोडून दिलेला तीन मिनिटांचा व्हिडिओ पुरेसा नाही.

आता लायसन्स असलेल्यांकडे वळतो.

कॅमेऱ्याच्या निवडीत पहिला निकष चित्राचा दर्जा नाही, आकार आहे. पॅराशूटच्या दोऱ्या एक-दोन मिलिमीटर जाडीच्या असतात आणि उघडताना त्या डोक्याच्या मागून सणसणत वर जातात. हेल्मेटवर उभा असलेला कॅमेरा, त्याच्या बैठकीचा स्क्रू, चौकटीची कडी, कॅमेरा आणि हेल्मेट यांच्यातली बारीक फट, यातल्या कशातही दोरी अडकू शकते. अडकलेली दोरी म्हणजे अर्धवट उघडलेली छत्री. ती सोडून राखीव छत्री उघडायची म्हटलं, तर आता पहिली छत्री तुमच्या डोक्याला बांधलेली असते.

म्हणून कॅमेरा विकत घेण्याआधी, मित्राचा उसना आणून का होईना, एक परीक्षा घ्या. रिगरकडे, म्हणजे पॅराशूटची देखभाल करणाऱ्याकडे, वापरून जुनी झालेली दोरी असते, तिचा हातभर तुकडा मागा. तो नसेल तर पतंगाच्या मांज्यापेक्षा थोडी जाड, गुळगुळीत नायलॉनची दोरी चालेल. कॅमेरा बसवलेलं हेल्मेट कुणाच्या तरी डोक्यावर घाला. दोरीची दोन टोकं दोन हातांत धरून ती हेल्मेटवरून ओढा: मागून पुढे, खालून वर, डावीकडून उजवीकडे, तिरकी. जिथे दोरी थांबेल तिथे खूण करा. गोप्रोच्या नेहमीच्या बैठकीवर ती बहुतेक वेळा दोन ठिकाणी थांबते. एक, कॅमेऱ्याखालची बोटांसारखी जोडणी. दुसरी, जोडणीच्या स्क्रूचं डोकं. मग फट भरून काढायची, कडा टेपने बुजवायच्या, स्क्रू आतल्या बाजूला वळवायचा किंवा बैठकच बदलायची. दोरी कुठूनही ओढली तरी सरकून निघून जाते, तोपर्यंत हे करत राहायचं. नुसत्या डोळ्यांनी पाहून ‘ठीक वाटतंय’ म्हणू नका. दोरीला जे सापडतं ते डोळ्याला दिसत नाही.

याच कारणाने कुकी, टॉनफ्लाय यांसारख्या कंपन्या खास कॅमेऱ्याची हेल्मेटं बनवतात. त्यांची बैठक सपाट असते आणि हनुवटीशी एक सुटका असते. ती ओढली की हेल्मेट एका झटक्यात डोक्यावरून सुटतं. ही सुटका हातमोजे घालून, डोळे मिटून, कोणत्याही एका हाताने ओढता आली पाहिजे. कॅमेऱ्यावर चाळीस हजार घालून हेल्मेट मात्र सायकलचं किंवा हॉकीचं वापरणारे लोक मी पाहिले आहेत. पैसे कमी असतील तर दोन पिढ्या मागचा कॅमेरा घ्या आणि वाचलेली रक्कम हेल्मेटवर घाला. हा क्रम उलटा करू नये.

छातीवर, पायाला किंवा बुटाला कॅमेरा लावू नका. सेल्फी स्टिक तर नकोच. चुंबकाने चिकटणारे छोटे कॅमेरे, जसा ३५ ग्रॅमचा इन्स्टा३६० गो ३, दिसायला मोहक असतात. पण ताशी दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यात चुंबकाच्या भरवशावर काहीही सोडायचं नसतं. चार किलोमीटर उंचीवरून निसटलेली वस्तू खालच्या शेतात काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यात पडू शकते.

दुसरा निकष वजन. छत्री उघडताना नेहमीच्या, सौम्य उघडण्यातही शरीरावर तीन-चार पट भार येतो. अर्धा किलोचा कॅमेरा त्या क्षणी मानेला दोन किलोचा वाटतो, आणि तो एका कानाच्या बाजूला असेल तर मान तिकडे पिळली जाते. जोरदार उघडण्यात काय होईल, त्याचा अंदाज यावरून करा. वर्षानुवर्षं टँडमचं चित्रीकरण करणाऱ्या कॅमेरामनना मानेची दुखणी जडतात ती यामुळेच. वजन शक्यतो डोक्याच्या मध्यरेषेवर ठेवा आणि उघडण्याच्या वेळी नजर समोर क्षितिजावर असू द्या. मान वाकडी करून वर पाहण्याची सवय कॅमेरा नसताना चालून जाते, कॅमेरा असताना नाही.

तिसरा निकष लेन्स, आणि इथे हँडीकॅमवाल्यांची गफलत होते. हँडीकॅमची जाहिरात ‘तीसपट झूम’ म्हणून होते. आकाशात झूमचा काडीचा उपयोग नाही. तिथे माणूस तुमच्यापासून दोन-तीन मीटरवर असतो आणि तुम्हाला हवी असते रुंदी. साध्या हँडीकॅमची सगळ्यात रुंद लेन्स साधारण २७ मिलिमीटरच्या तोडीची असते. अडीच मीटरवरून ती सुमारे सव्वातीन मीटर रुंदीचं दृश्य घेते. टँडमची जोडी हातपाय पसरून त्यात कशीबशी मावते, आणि तुम्ही किंचित हललात की कुणाचा तरी हात कापला जातो. ॲक्शन कॅमेऱ्याची रुंद लेन्स १६ मिलिमीटरच्या आसपास असते. तेवढ्याच अंतरावरून ती साडेपाच मीटर घेते. म्हणूनच पूर्वी हँडीकॅमवर पुढून ०.५ किंवा ०.३ पटीची जोडलेन्स लावत. ती लावली की वजन वाढतं, पुढे एक नाक येतं आणि दोरी अडकायला आणखी एक जागा तयार होते.

रुंद लेन्सचा तोटाही आहे. माणूस चार मीटरवर गेला की तो चित्रात किडामुंगीसारखा दिसतो. उपाय एकच, जवळ उडायचं. ते कौशल्याचं काम आहे. टँडमजवळ तर ते धोक्याचंही आहे, कारण त्यांच्या वर वेग आवरणारं छोटं पॅराशूट, ड्रोग, उघडलेलं असतं. त्यावरून कॅमेरामनने कधीही जायचं नसतं. टँडमसमोर कॅमेरा घेऊन उडण्यासाठी अनुभवाची अपेक्षा २०० उड्यांच्या कितीतरी पुढे असते. चौघांच्या सांघिक स्पर्धेत चित्रीकरण करणारा हा संघाचा पाचवा सदस्यच असतो. पंच त्याचा व्हिडिओ पाहून ३५ सेकंदांत किती रचना पूर्ण झाल्या हे मोजतात. तिथे चौघांपैकी कुणाची पकड चौकटीबाहेर गेली तर संघाचे गुण जातात. अशा कामाला रुंद लेन्स आणि सरळ वरून स्थिर उडणं याशिवाय काहीही कामाचं नाही.

चौथा निकष थरथर आवरण्याची सोय, म्हणजे स्टॅबिलायझेशन. याचे दोन प्रकार आहेत आणि दुकानदार दोन्ही एकाच दमात सांगतो. पहिल्या प्रकारात लेन्समधलं एक भिंग तरंगतं ठेवलेलं असतं आणि हात हलला की ते उलट दिशेला सरकतं. लग्नसमारंभात चालताना ही सोय उत्तम. पण दोनशेच्या वाऱ्यात हेल्मेट अत्यंत बारीक, वेगवान थरथरतं. ते तरंगतं भिंग त्या थरथरीबरोबर स्वतःच नाचू लागतं आणि चित्र जेलीसारखं डुचमळतं. काही मॉडेलांत ही सोय बंद केली तरी भिंग पूर्ण घट्ट होत नाही. दुसऱ्या प्रकारात काहीही तरंगत नाही. कॅमेऱ्यातला गायरो हालचाल मोजतो आणि चौकटीच्या कडा थोड्या कापून चित्र जागेवर धरतो. आकाशात हाच प्रकार चालतो. गोप्रोने २०१८ मध्ये हिरो ७ ब्लॅकमध्ये हायपरस्मूथ आणल्यावर आणि डीजेआय, इन्स्टा३६० यांनी त्याच तोडीची सोय दिल्यावर हँडीकॅमची हेल्मेटवरची सद्दी जवळजवळ संपली. फक्त एक काळजी घ्या. गायरोवाली सोय चित्र स्थिर करते, पण मंद शटरमुळे आलेली अस्पष्टता तिला काढता येत नाही. ढगाळ संध्याकाळच्या शेवटच्या फेरीत शटर मंदावतं आणि कितीही महागडा कॅमेरा असला तरी चित्र फिसकटतं. सेकंदाला ५० किंवा ६० चौकटी ठेवल्या तर त्रास कमी होतो.

घरात पडून असलेला किंवा जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारा हँडीकॅम वापरायची कल्पना असेल, तर आत चित्र कशावर साठतं ते पाहा. टेपवाल्याला छत्री उघडतानाचा हिसका सोसत नाही, चित्र मध्येच तुटतं. हार्ड डिस्कवाला तर घेऊच नका. डिस्कवरचा वाचक-काटा हवेच्या पातळ थरावर तरंगत असतो आणि उंचीवर हवा विरळ होते. शिवाय यातल्या काही कॅमेऱ्यांत पडण्याची चाहूल घेणारा सेन्सर असतो. कॅमेरा हातातून निसटला असं समजून तो डिस्क वाचवण्यासाठी रेकॉर्डिंग थांबवतो. विमानाच्या दारातून बाहेर पडण्याचा पहिला क्षण त्याला अगदी तसाच वाटतो. मेमरी कार्डवाल्या हँडीकॅमला ही अडचण नाही.

पण तो हँडीकॅम विकूनही टाकू नका. जमिनीवरून त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तिपाईवर लावून मित्राच्या हाती द्या. छत्र्या उघडण्यापासून पाय टेकेपर्यंत सगळं तो झूम करून टिपेल. स्वतःची छत्री उतरताना कशी वळवता, जमिनीजवळ ब्रेक कधी ओढता, हे शिकायला हेल्मेटवरच्या चित्रापेक्षा हे चित्र जास्त कामाचं असतं.

३६० अंशांचे कॅमेरे सध्या फार चालतात. इन्स्टा३६० एक्स४ हा २०२४ चा कॅमेरा सुमारे दोनशे ग्रॅमचा आहे आणि त्यात कुठे बघायचं हे नंतर ठरवता येतं, चुकूनही कुणी चौकटीबाहेर जात नाही. पण दोन्ही बाजूंना दिसायचं तर तो हेल्मेटपासून वर उभाच करावा लागतो, आणि त्याची दोन्ही भिंगं फुगीर व उघडी असतात. दोरीच्या परीक्षेत तो सहसा नापास होतो. पहिला कॅमेरा म्हणून मी तो कुणालाही सुचवणार नाही.

स्थिरचित्रांसाठी बरेच व्यावसायिक कॅमेरामन व्हिडिओच्या जोडीला हलका मिररलेस कॅमेरा हेल्मेटवर लावतात आणि दातात धरायच्या बटणाने फोटो काढतात. दोन कॅमेरे, वायर, डोळ्यासमोरची नेमखूण. हा शेवटचा टप्पा आहे, पहिला नव्हे.

तेव्हा पहिल्यांदा घेणाऱ्याने ॲक्शन कॅमेराच घ्यावा. गोप्रो हिरो ११ किंवा १२, डीजेआय ऑस्मो ॲक्शन ४, यांपैकी जो आपल्या हेल्मेटच्या बैठकीवर नीट बसतो तो. चित्राच्या दर्जात एवढा फरक नाही की त्यासाठी रात्री जागावं. ज्याची बैठक तुमच्या ड्रॉप झोनवर, म्हणजे उड्यांच्या तळावर, इतर लोक वापरतात, तो घेतला तर सुटे भाग आणि अनुभवाचा सल्ला दोन्ही जागेवर मिळतात.

सेटिंग घरीच करून जा. आपोआप बंद होण्याची सोय काढून टाका, नाहीतर वीस मिनिटांच्या चढाईत कॅमेरा झोपी जातो. आवाजाने चालणाऱ्या आज्ञा बंद करा, टच स्क्रीन कुलूपबंद करा. व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडावर पक्का करा, म्हणजे वर आकाश आणि खाली हिरवं रान आलं की रंग बदलत नाहीत. उजेड अर्ध्या पायरीने कमी ठेवा, कारण आकाश फार तेजस्वी असतं आणि जळून पांढरं झालेलं आकाश नंतर परत येत नाही. क्षितिज सरळ ठेवणारी सोय पोटावर उडताना छान दिसते, पण डोकं खाली करून उडणाऱ्यांची सगळी मजा घालवते. हैदराबादच्या किंवा परदेशातल्या विंड टनेलमध्ये सराव करणार असाल, तर तिथल्या दिव्यांच्या वीजपुरवठ्याप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्झचं सेटिंग लावा, नाहीतर सगळा व्हिडिओ लुकलुकतो. आपल्याकडे ५०. कार्ड व्ही३० दर्जाचं असू द्या.

आपल्या हवेत आणखी एक त्रास आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे चार हजार मीटरवर जमिनीपेक्षा पंचवीसेक अंश कमी. थंड झालेला कॅमेरा दमट हवेत खाली आला की काच धुरकटते, आणि नेमकं जमिनीवर उतरतानाचं चित्र हातचं जातं. दुबईत समुद्राकाठी हे ठरलेलं, कोकण-गोव्याच्या हवेतही तेच होणार. कॅमेरा एसी खोलीतून थेट बाहेर काढू नका, बॅटरीचं झाकण कोरड्या हवेत लावा आणि घडीचा मऊ कपडा खिशात ठेवा. थंडीने बॅटरी लवकर उतरते, म्हणून प्रत्येक दोन-तीन उड्यांनंतर ती बदला.

भारतात उडी मारणार असाल तर चित्रीकरणाची परवानगी आयोजकाकडून आधी स्पष्ट करून घ्या. काही धावपट्ट्या सरकारी किंवा संरक्षण दलाच्या असतात आणि हवेतून चित्रीकरण करण्यावर आपल्याकडे नियम आहेत. उडी झाल्यावर कार्ड जप्त होण्यापेक्षा हे बरं.

विमानात दार उघडण्याआधी रेकॉर्डिंग सुरू करा आणि समोरच्याला विचारा, ‘लाल दिवा लागलाय का?’ त्याने मान हलवली की विषय संपला. दार उघडल्यानंतर हात कॅमेऱ्याकडे जाता कामा नये, तो सुरू असो वा बंद. आणि पहिली कॅमेरा-उडी एकट्याने, नेहमीच्या छत्रीवर, कुणालाही टिपायचं न ठरवता मारा. त्याआधी कॅमेरा बसवलेलं हेल्मेट ड्रॉप झोनच्या सुरक्षा अधिकाऱ्याला किंवा एखाद्या जुन्या कॅमेरामनला दाखवा आणि तो काढायला सांगेल ते काढून टाका.